लायसन्स फीच्या पावतीत मिळत नाही

पत्र :
काका, मी पेडणे तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये बरे गुण आहेत. मोपा विमानतळासाठी आमची काजूची जमीन गेली, त्याची नुकसानभरपाई बाबांनी बँकेत ठेव म्हणून ठेवली आहे. मला विमानांची देखभाल-दुरुस्ती शिकायची आहे. परराज्यातल्या एका इन्स्टिट्यूटचा माणूस घरी येऊन गेला. डिग्री आणि एएमई लायसन्स दोन्ही मिळेल आणि मोपावर शंभर टक्के नोकरी, असं म्हणाला. महिनाअखेरीच्या आत फी भरली तर सवलत आहे. त्यासाठी ठेव मोडावी लागेल. बाबा तयार आहेत, पण ते मनातून घाबरलेत हे मला कळतं. मामा नौदलात दाबोळीला विमानांवर काम करून निवृत्त झाले, ते म्हणतात घाई करू नका. आजी म्हणते, मुलीच्या जातीने रात्रीबेरात्री ग्रीसमध्ये हात कशाला घालायचे? मी काय करू? आणि मामांना त्यांच्या अनुभवावर हे लायसन्स मिळू शकेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर :

या क्षेत्रात तू जरूर ये. फी मात्र या महिनाअखेरीला भरू नकोस, आणि बाबांना ठेवही मोडू देऊ नकोस. सवलतीची तारीख टळली तर टळू दे. चांगल्या संस्थेत या तुकडीत नाही तर पुढच्या तुकडीत जागा मिळते. एकदा भरलेली फी परत मिळवताना मात्र भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

घरी आलेला माणूस ज्याची हमी देऊन गेला, त्यातली मुख्य गोष्ट त्याच्या हातातच नाही. एएमई लायसन्स, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा परवाना, कुठलीही इन्स्टिट्यूट देत नाही. विद्यापीठ देत नाही, विमान कंपनीही देत नाही. ते देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला आपण सगळे डीजीसीए म्हणतो. १९४४ च्या शिकागो कराराखाली जगभरच्या देशांनी जे किमान निकष ठरवले, त्यांत वैमानिकांबरोबर विमानाची देखभाल करणाऱ्यांच्या परवान्याचेही निकष आहेत. आपल्याकडे १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट नव्वद वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. तुझ्या कामाचे नियम सीएआर, म्हणजे डीजीसीएच्या नागरी विमान वाहतूक नियमावलीत, तीन ठिकाणी आहेत. लायसन्स कुणाला द्यायचं ते सीएआर ६६ मध्ये, शिकवणाऱ्या संस्था कशा असाव्यात ते सीएआर १४७ मध्ये, आणि जिथं प्रत्यक्ष विमानांची देखभाल होते त्या संस्थांचे नियम सीएआर १४५ मध्ये. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. समोरच्याला या तीन आकड्यांबद्दल विचारलंस की तो किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

हे सगळे नियम शेवटी एका सहीपाशी येतात. ती सही कशी होते ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

रात्री उशिरा मोपावर उतरून सकाळपर्यंत थांबणारं एखादं एअरबस ए३२० घे. प्रवासी उतरून गेल्यावर इंजिनिअर टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारतो. मुख्य चाकाच्या टायरला चीर दिसते. ती किती खोल, किती लांब, ते मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायचं. मर्यादेबाहेर असेल तर चाक बदलायचं. जॅक लावून जुनं उतरवायचं, नवं चढवायचं. नट एका दमात आवळून मोकळं होता येत नाही. चाक हाताने फिरवत फिरवत आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात, मग सैल करायचा, मग परत चाक फिरवत ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर, आणायचा. हे काम शेकडो वेळा केलेलं असलं तरी मॅन्युअलचं पान समोर उघडं हवं. नंतर हत्यारं मोजायची. एक सॉकेट कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग पहाटेच्या उड्डाणाला कितीही उशीर होवो. शेवटी टेक लॉग, म्हणजे विमानाची तांत्रिक नोंदवही. कुठला स्नॅग, म्हणजे बिघाड, होता, काय केलं, मॅन्युअलमधल्या कुठल्या क्रमांकाच्या कामाप्रमाणे केलं, उतरवलेल्या चाकाचा सीरियल नंबर, चढवलेल्या चाकाचा सीरियल नंबर, वेळ, स्वतःचा अधिकृत नंबर, आणि सही.

पहाटे कॅप्टन येऊन ते पान वाचतो. नट त्याने पाहिलेला नसतो, पाहणारही नाही. त्या सहीवर भरवसा ठेवून तो पावणेदोनशे माणसांना घेऊन धावपट्टीकडे निघतो. एएमई लायसन्स म्हणजे या सहीचा अधिकार. तो फीच्या पावतीबरोबर कसा मिळेल?

ही सही केवढी जड असते ते १० जून १९९० ला जगाला दिसलं. बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची एक काच सतरा हजार फुटांच्या वर निखळून उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. ती काच आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत बदलली होती. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हव्या त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक होते. काम करणारा माणूस अनुभवी होता, कामसू होता. माणसं कमी होती म्हणून त्याने ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. जुना बोल्ट त्याने अपुऱ्या उजेडात नव्या बोल्टांशी नजरेने जुळवला. पार्ट्सच्या कॅटलॉगमध्ये नंबर बघितला नाही. तुझ्या परीक्षेत ह्यूमन फॅक्टर्स नावाचं नऊ नंबरचं मॉड्यूल, म्हणजे विषय, असेल. थकवा, घाई, अंधार, ‘मला माहीत आहे’ हा विश्वास, हे सगळं माणसाला कसं चुकवतं ते त्यात शिकवतात. बरीच मुलं ते सोपं समजून घोकून पास होतात. तू तसं करू नकोस. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमातलं सर्वांत महत्त्वाचं मॉड्यूल तेच.

आता तुझी वाट. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आहे म्हणजे दार उघडं आहे. सीएआर ६६ मध्ये लायसन्सचे अनेक प्रवर्ग आहेत; तुला निवड करायची आहे ती मुख्यतः दोघांत. बी १.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांचा सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विजेच्या यंत्रणा. बी २ म्हणजे एव्हिऑनिक्स : रेडिओ, दिशादर्शन, उपकरणं, ऑटोपायलट. तुला हाताने खोलून बघायची ओढ असेल तर बी १.१, सर्किटमध्ये मन रमत असेल तर बी २. पगारावरून निवडू नकोस, दोन्हींची गरज असते. गोव्यासारख्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस धातूला कसा पोखरतो हे तू घराच्या पत्र्यांवर, खिडक्यांच्या गजांवर पाहिलं आहेस. विमानाच्या कातडीखाली तेच होत असतं, आणि ते वेळेवर शोधणं हे बी १ वाल्याचं मोठं काम आहे.

मान्यताप्राप्त संस्थेतला या दोन्ही प्रवर्गांचा बेसिक कोर्स २४०० तासांचा असतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग प्रत्यक्ष हाताने करायच्या कामाचा असतो. त्याबरोबर मॉड्यूलच्या परीक्षा. गणित, भौतिकशास्त्र, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, धातू आणि साहित्य, देखभालीच्या पद्धती, कायदे, पुढे गॅस टर्बाइन इंजिन वगैरे. या परीक्षा इन्स्टिट्यूट घेत नाही, डीजीसीएची सेंट्रल एक्झामिनेशन ऑर्गनायझेशन घेते. इन्स्टिट्यूटच्या अंतर्गत परीक्षेत पहिली आलीस तरी ही मॉड्यूल सुटल्याशिवाय पुढे काही नाही.

यानंतर येतो तो टप्पा, ज्याबद्दल घरी आलेला माणूस बहुधा एक शब्द बोलला नसेल. मान्यताप्राप्त कोर्स केलेल्याला उडत्या, म्हणजे सेवेत असलेल्या विमानांवरच्या देखभालीचा दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कोर्स न करता येणाऱ्याला पाच वर्षांचा, संबंधित तांत्रिक ट्रेड शिकून आलेल्याला तीन वर्षांचा. रोज कुठल्या विमानावर कुठलं काम केलं ते लॉगबुकमध्ये नोंदून, ज्याच्या देखरेखीखाली केलं त्याची सही घ्यायची. हा अनुभव वर्गात मिळत नाही. इन्स्टिट्यूटच्या आवारात उभं केलेलं, कधीच न उडणारं जुनं विमान शिकायला उपयोगी पडतं. लॉगबुकमधला हा अनुभव मात्र त्यावर मिळत नाही. कोर्स पूर्ण करून, मॉड्यूल सोडवून घरी बसलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत, कारण त्यांना हँगरमध्ये कुणी घेतलंच नाही. मुलांची वर्षं आणि आईबापांचे पैसे इथं अडकतात. म्हणून इन्स्टिट्यूटला विचारायचा पहिला प्रश्न फीचा नको, हा हवा : तुमच्याकडून गेल्या दोन-तीन तुकड्यांतली मुलं अनुभवासाठी कुठल्या सीएआर १४५ संस्थेत गेली?

लायसन्स हातात आल्यावरही ए३२० वर सही करता येत नाही. त्यासाठी त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, आणि पहिल्या टाइपसाठी प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षणही. त्यानंतर कंपनीचं ऑथोरायझेशन, म्हणजे कंपनीच्या वतीने सही करायची परवानगी. टाइप कोर्स महाग असतो. काही कंपन्या तो स्वतः करवून घेतात आणि त्याबदल्यात काही वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात. सगळं धरून, खऱ्या अर्थाने सही करायला लागेपर्यंत पाच-सहा वर्षं हिशेबात धर. बाबांना हा आकडा आजच सांग. ठेव पहिल्या वर्षाच्या फीतच संपली तर टाइप रेटिंगपर्यंत पोचणार कशी? त्या पैशांतला एक भाग या पुढच्या टप्प्यासाठी बाजूला राहिलाच पाहिजे.

डिग्रीबद्दल. विमान देखभालीची बीएस्सी किंवा तत्सम पदवी वाईट नाही. उद्या एखाद्या कंपनीत नियोजनाकडे, गुणवत्ता विभागाकडे किंवा व्यवस्थापनाकडे वळायचं झालं तर ती कामाला येते. पण टेक लॉगवर पदवीच्या जोरावर सही होत नाही. ‘दोन्ही मिळेल’ म्हणणाऱ्याला विचार की पदवी कुठल्या विद्यापीठाची आणि एएमईच्या कोर्सला डीजीसीएची मान्यता कुठल्या प्रवर्गात. दोन उत्तरं वेगवेगळी, कागदासकट मिळायला हवीत.

आणि मोपा. ज्या पठारावर तुमची काजूची झाडं होती तिथं आता विमानं उतरतात. त्याच जागी काम करावं असं तुला वाटतं हे मला आतून कळतं, आणि त्या इच्छेचा कुणी बाजार मांडावा याचा मला राग येतो. मोपावरून ५ जानेवारी २०२३ ला उड्डाणं सुरू झाली. विमानतळ चालवणारी कंपनी वेगळी, आणि विमानांची देखभाल करणारे वेगळे. एएमईला नोकरी देतात विमान कंपन्या किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या देखभाल संस्था. नेमणूक कुठं करायची ते त्या ठरवतात. परराज्यातली इन्स्टिट्यूट मोपावरच्या नोकरीची हमी देऊच शकत नाही. शिवाय मोपासारख्या विमानतळावर मुख्यतः लाइन मेंटेनन्स चालतो : येण्या-जाण्याच्या मधल्या तपासण्या, रात्रीच्या मुक्कामातली कामं. विमान पूर्ण उघडून करायच्या मोठ्या तपासण्या हैदराबाद, नागपूरचं मिहान अशा ठिकाणच्या हँगरमध्ये होतात. तिथं वर्ष-दोन वर्षं काढलेल्या इंजिनिअरचा हात वेगळाच तयार होतो. तेव्हा आधी बाहेर जायची तयारी ठेव. टाइप रेटिंग आणि अनुभव गाठीशी असला की गोव्यात बदली मागता येते, आणि ती मिळण्याजोगीही असते. विमानतळावरच्या ग्राउंड हँडलिंगचे, कार्गोचे काही महिन्यांचे कोर्सही असतात. त्या कामांना मान आहे, पण ती वाट एएमईकडे जात नाही. दोन्ही एकच असल्यासारखं कुणी सांगत असेल तर तिथंच थांब.

या आठवड्यात एवढं कर. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त देखभाल प्रशिक्षण संस्थांची यादी असते. त्यात या इन्स्टिट्यूटचं नाव आहे का, कुठल्या प्रवर्गासाठी आहे आणि मान्यतेची मुदत कधीपर्यंत आहे ते बघ. नाव मिळतंजुळतं असून चालत नाही. पत्ताही तोच हवा, कारण एकाच समूहाच्या एका शाखेला मान्यता असते आणि दुसरीला नसते. मग त्या माणसाला निरोप दे की ‘लायसन्स आणि नोकरीची हमी’ इन्स्टिट्यूटच्या लेटरहेडवर लिहून द्या. फी हप्त्यांनी किती, मध्येच सोडलं तर परत किती, तेही लेखी माग. हमी लिहून मिळणार नाही. त्याचं उत्तर काय येतं ते बाबांना शेजारी बसवून ऐकव.

यादीत नाव निघालं तर प्रत्यक्ष जाऊन बघ. वर्ग आणि हॉस्टेल सगळेच दाखवतात, तू वर्कशॉप दाखवायला सांग. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. जागा रिकामी असेल तर ते हत्यार कुणी नेलं याची नोंद आहे का ते विचार. हत्यारांवर धूळ आहे की तेलाचे ताजे हात लागलेत ते नजरेने कळतं. शिकणाऱ्या मुलांशी बोल, शक्य तर शिक्षकांच्या पाठीमागे. शेवटच्या वर्षाच्या मुलाला विचार, तुझी किती मॉड्यूल सुटली?

पैशांचा भार फारच वाटत असेल तर दुसरी वाटही बघ. मये किंवा पणजीच्या सरकारी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा कमी खर्चात होतो. तीन वर्षं जातील हे खरं, पण हातात स्वतंत्र पोट भरण्याइतकं शिक्षण असेल, वय वाढलेलं असेल, आणि त्यानंतरही एएमईच्या कोर्सला जाता येतं. बाबांची भीती बघता ही वाट तुमच्या घराला मानवेल असं मला वाटतं. निर्णय तुझा.

आजींना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी खोटी नाही. रात्रपाळी असते, पावसात रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथं, उभं राहावं लागतं, हाताला ग्रीस लागतं, ऐन चवथीला ड्युटी लागते. वैमानिकांप्रमाणे देखभाल कर्मचाऱ्यांचीही मद्यप्राशनाची श्वासचाचणी होते, इतकी शिस्त या कामात आहे. नियमांत मुलगा-मुलगी असा भेद कुठंही नाही, आणि आज लायसन्स घेऊन विमानं उड्डाणाला सोडणाऱ्या मुली आपल्या देशात आहेत. कंपनी निवडताना रात्रीच्या वाहनाची सोय विचारून घे. हा प्रश्न विचारायला लाजू नकोस. आजींना वाटत असेल की हे मेकॅनिकचं काम आहे, तर त्यांना त्या कॅप्टनची गोष्ट सांग, जो न बघितलेल्या नटावर विश्वास ठेवून निघतो. कुणाच्या शब्दावर ठेवतो, तेही सांग.

मामांबद्दल. लष्करी विमानांवरचा अनुभव सीएआर ६६ मध्ये सरसकट नाकारलेला नाही. तो तुल्यबळ आहे असं दिसलं तर धरला जातो, पण नागरी विमानांच्या देखभालीचा काही अनुभव वर मिळवावा लागतो, आणि मॉड्यूलच्या परीक्षा त्यांनाही द्याव्या लागतात. सेवेतली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, कुठल्या विमानावर किती वर्षं कुठलं काम केलं याच्या नोंदी त्यांनी आता गोळा करायला घ्याव्यात. निवृत्तीनंतर जितका वेळ जातो तितकी ती कागदपत्रं मिळवणं अवघड होतं. लायसन्स मिळालं तरी ते पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं असतं, आणि सही करायची तर मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा देखभालीचा अनुभव लागतो. म्हणजे खरंच पुन्हा कामावर जायची इच्छा असेल तरच त्यांनी या खटाटोपात पडावं.

इन्स्टिट्यूट बघायला जाताना मात्र त्यांनाच घेऊन जा. दाबोळीच्या हँगरमध्ये नोकरी झालेला माणूस तिथलं वर्कशॉप पाच मिनिटांत ओळखेल. मान्यतापत्राची प्रत हाती आली की मला पाठव. प्रवर्ग, मुदत आणि पत्ता बरोबर आहे का ते बघून तुला कळवतो.